भुकेचा रकाना

बाबा, डॉक्टरांनी मला आठवडाभर काय काय खाते ते लिहून आणायला सांगितलंय. साखर अजून हाताबाहेर गेलेली नाही, पण जायच्या बेतात आहे म्हणे. मी दुकानातून वही आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि दोन दिवस झाले, तिच्याकडे बघतही नाहीये. नवरा म्हणतो, एवढं काय अवघड आहे त्यात? त्याला काय सांगू? तुम्ही असतात तर तुम्हीच सांगितलं असतं, अभिमानाने, की आमच्या घरात ही शिस्त फार पूर्वीपासून आहे.

आपण बोळिंजला नवे राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. मी आठवीत. आपल्या इमारतीच्या मागे अजून केळीची वाडी होती आणि वाडीवाल्या काकू दारावर सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, घेऊन यायच्या. तुम्ही शाळेत खेळाचे सर. शाळेच्या क्रीडादिनाला मी धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिली आले आणि कुणीतरी पाहुणा हसत म्हणाला, "सर, ही तुमची का?" तुम्हीही हसलात. घरी येताना माझ्या चार पावलं पुढे चाललात. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे शंभर पानी वही आली. तुम्ही पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: सकाळ, डबा, दुपार, संध्याकाळ, रात्र. "जे तोंडात जाईल ते इथे लिहायचं," म्हणालात. "रविवारी मी तपासणार." मला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं होतं. तुम्ही माझ्यासाठी वेळ काढून रेघा मारल्या होत्या.

रविवारी पोहे झाले की तुम्ही लाल पेन घेऊन बसायचात. मी समोर उभी. धाकटा भाऊ शेजारी बसून दुधात सुकेळी बुडवून खायचा, कारण त्याच्या अंगावर मांस धरत नव्हतं. "साबुदाण्याची खिचडी, एक वाटी. वाटी कुठली गं? आमटीची की परात?" धाकटा फिदीफिदी हसायचा. आई ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहायची. मग शेरा: 'असमाधानकारक'. 'सुधारणा आवश्यक'. बटाट्याच्या भाजीखाली दोन रेघा आणि उद्गारचिन्ह. फुलपाड्याला आत्याकडे पुरणाचं जेवण होतं तेव्हा माझ्या पानात दुसरी पोळी पडली आणि तुम्ही सगळ्यांदेखत ती उचलून धाकट्याच्या पानात टाकलीत. "हिला वही लिहायची असते," म्हणालात. आत्याने विचारलं कसली वही, तर तुम्ही कौतुकाने सगळ्या पंगतीला समजावून सांगितलंत. मी मान खाली घालून भात कालवत बसले. त्या दिवशी मला कळलं की त्या वहीत काय लिहावं लागू नये हे आपल्या हातात आहे. खाल्लंच नाही, तर लिहायचंच नाही.

पुढे पावसाळ्यात शाळेची सहल चिंचोटीला गेली. तुम्हीच नेणारे. आदल्या दिवशी दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं, कारण सहलीत सगळ्या मुली डबे उघडणार आणि तेव्हा थोडं खावं लागणार, त्याची भरपाई आधीच करून ठेवली होती. धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर मला सगळं पिवळं दिसायला लागलं. नंतरचं आठवतं ते एवढंच, की मी दगडावर बसलेय आणि मराठीच्या बाई माझ्या तोंडावर पाणी मारतायत. "सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिचं सगळं लिहिलेलं असतं, बाई. चढाची सवय नाही तिला, दुसरं काही नाही." बाई तुमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि भेंडीची भाजी गुंडाळून पोळी माझ्या हातात दिली. ती संपल्यावर दुसरी. मी रडत रडत खात होते आणि बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तुम्ही मुलांना रांगेत उभं करायला निघून गेलात.

घरी आलो. आईने आंघोळीला पाणी काढलं, मला घट्ट जवळ घेतलं. मी झोपायला जाताना तुम्ही हाक मारलीत. मला वाटलं विचाराल, आता कसं वाटतंय. तुम्ही वही पुढे केलीत. "बाईंच्या डब्यातल्या दोन पोळ्या लिही."

मी लिहिल्या. बाबा, मी आयुष्यात पुष्कळ काही विसरले. लग्नात कुणी काय दिलं, आईच्या शेवटच्या आजारात कुणी काय म्हटलं, सगळं पुसट झालं. हे वाक्य झालं नाही.

मग मी नोकरीला लागले, लग्न झालं, वसईत राहायला गेले, आणि तुम्हाला मधुमेह निघाला. आई नव्हती तेव्हा. धाकटा पुण्याला. त्यामुळे दवाखान्यात तुम्हाला नेणारी मी. तिथली आहारतज्ज्ञ माझ्यापेक्षा लहान, गोड बोलणारी मुलगी. तिने तुमच्यापुढे एक छापील कागद ठेवला. काय खाल्लं, किती, किती वाजता, कुणाबरोबर. आणि मग आणखी दोन रकाने. खाण्याआधी भूक किती होती? मन कसं होतं? "सर, इथे पास-नापास नाही," ती म्हणाली. "चुकलं तरी लिहायचं. कमी करून लिहिलंत तर मला काही कळणार नाही. आठवड्याने आपण दोघं बसून फक्त बघायचं, कुठे अडतंय ते." मी त्या भुकेच्या रकान्याकडे बघत होते. तुम्ही पट्टीने एवढ्या रेघा मारल्यात, हा रकाना तुम्हाला सुचला नाही.

आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसून तिला सांगितलंत, "मॅडम, मला हे नवीन नाही. हिला विचारा. हिची वही मी तपासायचो. मीच बारीक केलं हिला."

मी म्हणाले, "मी बारीक झाले नव्हते. उपाशी राहात होते."

"बघा, कशी बोलते," तुम्ही त्या मुलीकडे बघून हसलात. ती हसली नाही. तिने पेनाचं टोपण लावलं आणि मला विचारलं, "ताई, पाणी देऊ का?"

तुम्ही मात्र तेच रकाने वहीत पाडून नेटाने लिहिलंत. अक्षर तेच, वळणदार. पहिल्या रविवारी मी आले तर पेनासकट वही माझ्यापुढे सरकवलीत. शेरा हवा होता तुम्हाला! मी पेन परत केलं. म्हटलं, नुसतं वाचू. वाचताना दिसलं की तुम्ही अकराला जेवता आणि मग थेट रात्री नऊला. मधे सहाच्या सुमाराला रोज फरसाण, रोज बिस्किटं, कधी नाक्यावरची भजी. भुकेचा रकाना सगळीकडे कोरा. "इथे काही लिहिलं नाहीत?" तुम्ही म्हणालात, "भूक कसली लिहायची? वेळ झाली की जेवायचं." मी पाच वाजता वाफवलेले मूग किंवा चणे ठेवायला सांगितलं. एवढा एकच बदल. महिन्या-दोन महिन्यांत फरसाण आपसूक सुटलं, साखर खाली आली. ती मुलगी खूश झाली. वही चांगली असते, बाबा. हे मला तुमच्याच वहीवरून कळलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

एका रविवारी मूग खाता खाता तुम्ही आपणहून बोललात. लहानपणी शिकायला मामाकडे ठेवलं होतं तुम्हाला, कोकणात. मामी टोपलीतल्या भाकऱ्या मोजून ठेवायची. तुम्ही हात पुढे केला की ती काही बोलायची नाही, नुसती हाताकडे बघायची. "ते बघणं अजून आठवतं," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. दुसरी कुणी मुलगी असती तर तिने तिथेच तुम्हाला माफ केलं असतं. गोष्टींत तसंच होतं. मला मात्र ते जमलं नाही. कारण तोपर्यंत मी समजत होते की तुम्हाला कळत नव्हतं. अडाणीपणा होता, प्रेम होतं, बापांना हे कळत नाही. पण तुम्हाला माहीत होतं. ते बघणं कसं असतं हे आपल्या घरात फक्त तुम्हालाच माहीत होतं.

"मग माझ्याशी असं का वागलात?" मी विचारलं.

"तुझ्या भल्यासाठी," तुम्ही म्हणालात, आणि टीव्हीचा आवाज वाढवलात.

मी वाट बघितली. त्या रविवारी, आणि पुढच्या कितीतरी. तुम्ही मूग खाल्लेत, वही लिहिलीत, सकाळी चालायला गेलात. शेवटी हृदयानेच दगा दिला, साखरेचा त्यात काही दोष नव्हता असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेले सगळे सांगत होते, सरांची शिस्तच वेगळी, मुलीच्या तब्येतीकडे केवढं लक्ष असायचं! मी सगळ्यांना चहा देत होते.

हे मी कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही शुद्धलेखन तपासलं असतं. एक मात्र सांगते, जे घरात कुणाला ठाऊक नाही. नवरा आणि मुलं कामावर, कॉलेजला गेली की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि मगच जेवते. मी त्यांच्याबरोबर जेवत नाही, तर नवऱ्याला वाटतं मला शांतता आवडते. मी त्याला तसंच वाटू देते.