ताबा मिळाला, रंग ओला आहे

३ मार्च
ताब्याची तारीख उलटून वर्ष झालं. रेराचा कायदा यूट्यूबवर पूर्ण पाहिला. कलम १८ तोंडपाठ: ताबा लांबला तर पैसे व्याजासकट परत, नाहीतर घर ठेवून दरमहा व्याज. वकील कशाला? बिल्डरला घाम फोडणार.
आई अकोल्याला, बहिणीच्या व्हरांड्यात. राजापेठेतल्या माझ्या खोलीत तिची खाट मावत नाही. फोनवर सांगितलं, पाडव्याला आपल्या घरी.

९ मार्च
बिल्डर नितेशभाऊंना सुनवायला गेलो. त्यांनी लस्सी मागवली. म्हणे, "सर, सोसायटीले तुमच्यासारखा कायदेवाला अध्यक्ष पायजे." माणूस चांगला. घाम पुढच्या आठवड्यात.

२० मार्च
पाडवा झाला. आईला अक्षय्य तृतीया सांगितली.
माझ्या शेजारचा फ्लॅट घेतलेला गोवर्धन फुलं विकतो. सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या वतीने बिल्डरविरुद्ध रेरात तक्रार करतोय. अध्यक्षाला हे शोभत नाही. पण यादीत माझं नाव सर्वांत वर घ्यायला लावलं.

अक्षय्य तृतीया
बिल्डरचा ताबा-सोहळा! दारं नाहीत, नळ नाहीत, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. पण स्टेज झकास. पहिला सत्कार माझा. हार, हातभर थर्माकोलची किल्ली, फोटो. एका कागदावर सही घेतली, आभारपत्र असावं. गोवर्धन खालून ओरडला, "सर, वाचून सही करा!" जळतो मेला. किल्ली लगेच परत घेतली, पुढच्याला द्यायची होती.
स्टेटस टाकला: हक्काच्या घराचा ताबा मिळाला! बहिणीने, साधनाने, सर्वांत आधी पाहिला. तिच्या नवऱ्यालाही कळू दे.

२ मे
आईचा फोन, "कवा येऊ?" म्हटलं, रंग ओला आहे.

१२ ऑगस्ट
ऑनलाइन सुनावणी. कलम १८ म्हणायला तोंड उघडलं, तोच बिल्डरच्या वकिलाने माझी सही दाखवली. आभारपत्र नव्हतं, ताबा-पावती होती. पाठोपाठ माझा स्टेटस. बाकी कुणी सही केलीच नव्हती, गोवर्धनसकट सगळ्यांना व्याज मंजूर. मला पुढची तारीख. ताबा मिळाला नव्हता हे मीच सिद्ध करायचं. माझी केस वेगळी काढली, हा एक प्रकारे मानच.

१३ ऑगस्ट
साधनाचा फोन. म्हणे, "घर भेटून चार महिने झाले, आईले काहून आमच्यापाशी ठेवून राह्यला? एसटीत बसवून देली."
संध्याकाळी स्टँडवर आई. गाठोडं, नवा झाडू, मिठाची पुडी. म्हणाली, "किल्ली दे, दार मी उघडीन."
म्हटलं, रंग ओला आहे.
म्हणाली, "असू दे. मले बाहेर झोपाची सवय हाय."
मी किल्लीसाठी खिसे चाचपत राहिलो.