दुसऱ्या डोळ्याचे पैसे

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग, पण आधी त्यांना खुर्चीत बसव आणि मग सांग, कारण नमस्काराच्या पुढचं सगळं उभ्याने ऐकण्यासारखं नाही. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसलाय? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून मीही लिहितो. अक्षर फार बारीक आहे, त्याबद्दल रागावू नकोस. भाऊजींचं भिंग घे आणि सावकाश वाच. बारीक लिहिण्याला कारण आहे, ते पत्राच्या शेवटी कळेल.

ताई, मला धक्का बसलाय. एकच बसला असता तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो, दोन दिवस पडून राहिलो असतो आणि उठलो असतो. पण हे धक्के ओळीने बसले, आणि शेवटचा तर असा की अजून माझा घास घशाखाली उतरत नाही. तर पहिल्यापासून सांगतो. हिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा तू येऊन गेलीस. उजवा तीन महिन्यांनी काढू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या दुसऱ्या डोळ्याचे पैसे मी वेगळे काढून दुकानातल्या तिजोरीत ठेवले. दुसरा कोणी असता तर तिजोरीत पैसे ठेवून ढाराढूर झोपला असता. पण मी पडलो किल्लीवाला. उभा जन्म लोकांची कुलपं उघडून देण्यात गेल्यावर माझा कुलपांवरचा विश्वास पार उडालेला आहे. कुलूप ही सभ्य माणसांना केलेली विनंती असते, त्याहून जास्त काही नाही (हे तिकडे कोणाला सांगू नकोस, माझा धंदा बसेल). माझी तिजोरी तर मी स्वतः केसातल्या आकड्याने उघडून पाहिली, आणि ती इतक्या पटकन उघडली की मला तिची लाज वाटली. मग काय, किल्ली कापता कापता डोळे तिजोरीकडे. दोन गिऱ्हाइकांच्या किल्ल्या बिघडल्या.

अशा वेळी तुझी लेक आली. मुलगी हुशार आहे, बँकेत आहे, मामावर तिचा जीव आहे, हे सगळं मला मान्य. तरीही सध्या तिची आठवण झाली की मला घाम फुटतो. ती म्हणाली, "मामा, पैसे तीन महिने पडूनच राहणार ना? मग सरकारला उसने दे की." ताई, मी हातातली कानस खाली ठेवली. सरकारला उसने! मला वाटलं, पोर दमलीय. पण नाही. सरकारला म्हणे अधूनमधून पैसे कमी पडतात, मग ते थोड्या मुदतीसाठी लोकांकडून घेतं, आणि त्या उसनवारीला ट्रेझरी बिल असं भारदस्त नाव आहे. मी आ वासून ऐकत राहिलो. नोटा छापणार हेच, आणि कमी पडल्या की हात पसरणारही हेच? आणि पसरायचाच तर जगातले गडगंज लोक सोडून माझ्यापुढे? त्या दिवशी मी दुकानाबाहेर जाऊन रस्ता पाहून आलो. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. लोकांना काही कल्पनाच नव्हती.

हा झाला पहिला धक्का. त्याची पिल्लं पुढे. या बिलाला व्याज म्हणून वेगळं काही येत नाही. शंभराचं बिल आपण अठ्ठ्याण्णवला वगैरे घ्यायचं आणि तीन महिन्यांनी सरकार पुरे शंभर देतं. मधला फरक आपला. बरं, अठ्ठ्याण्णव हा भाव ठरवला कोणी? तर लिलाव होतो, त्यात मोठ्या बँका बोली लावतात, आणि आपल्यासारख्या फुटकळ लोकांनी भाव न काढता नुसतं 'जो निघेल तो चालेल' म्हणायचं. ताई, तुला माहीत आहे, मी कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा दोनदा निघून गेल्याचं सोंग करतो. आणि इथे दुसऱ्या डोळ्याचे पैसे, भाव न विचारता! मी म्हटलं, निदान कागद तरी दाखव. तर कागद नाही. शिक्का नाही, सही नाही, पावतीचा चिटोरा नाही. मोबाइलवर एक ओळ उमटते, तिलाच आपण आपलं म्हणायचं. पण ती म्हणाली की याहून सुरक्षित जागा देशात नाही, आणि मी एकदा तिजोरीकडे पाहिलं, एकदा केसातल्या आकड्याकडे पाहिलं आणि हो म्हणून बसलो. खातं तिने उघडून दिलं. पुढचं मी माझं भरलं, कारण तिला निघायची घाई होती आणि मला उगाच वाटलं की जमेल. पडद्यावर जिथे जिथे रिकामी चौकट दिसली तिथे तिथे मी बोट दाबून खूण केली. तू म्हणशील, न वाचता? अगं, चाळीस वर्षं एकच काम केलंय. उघडं दिसलं की लावायचं.

दोन दिवसांनी दुसरा धक्का. पुरे लाख दिले होते, त्यातले थोडे माझ्या खात्यात परत आले! माझ्या पायाखालची जमीन सरकली. तूच सांग, जो माणूस उसने घेऊन जातो आणि उंबरठ्यावरूनच वळून थोडे हातात कोंबतो, त्याच्याबद्दल काय समजायचं? एकतर तो आपल्याला खूश ठेवतोय, किंवा पुढे तोंड दाखवायचा त्याचा विचार नाही. मी तडक बँकेत गेलो आणि खिडकीवरच्या कॅशियरबाईंना म्हटलं, हे पैसे माझे नाहीत, ज्याचे त्याला पोचते करा. बाईंनी विचारलं, कोणाचे? मी हळूच म्हटलं, सरकारचे. मागची रांग ऐकायला दोन पावलं पुढे सरकली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला समजावलं की लाखाचं बिल लाखाहून स्वस्तात मिळालं, म्हणून उरलेले परत आले, ही तुमचीच कमाई, ती आधी हातात पडली, एवढंच. मग त्यांनी, मला बरं वाटावं म्हणून असेल, पाणी मागवलं. घरी येताना मी रस्ताभर विचार करत होतो. चाळीस वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकाने काम व्हायच्या आधी नफा दिलेला नाही.

यानंतर मात्र, ताई, माझ्यात फरक पडला, तो मी लपवत नाही. मी सरकारचा सावकार झालो. दिवसाउजेडी रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की मी खांबाचा नंबर टिपून घ्यायचो. फुटका नळ दिसला की वाटायचं, ही माझी धार चाललीय. खोदून ठेवलेल्या रस्त्याशी मी उभा राहून काम करणाऱ्यांना वेग वाढवायला सांगितलं (त्यांनी मला फावडं देऊ केलं). ही म्हणायची, अहो, हल्ली तुम्ही असे उदास का असता? आता हिला काय सांगणार? हिला मी काहीच सांगितलं नव्हतं. हिच्या डोळ्याचे पैसे तिजोरीत आहेत अशीच हिची समजूत, आणि मुदत संपली की परत आणून ठेवायचे, वरची कमाई हिच्या हातावर ठेवायची आणि हिचे डोळे विस्फारलेले पाहायचे, असा माझा बेत होता. माणसाने बेत करू नयेत.

त्यातच एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. एका कपाटाची किल्ली हरवली होती. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ निवृत्त झाले होते आणि बहुधा ती बरोबर घेऊन गेले होते. मी गेलो. रिकाम्या खोलीत दोन पंखे गरगर फिरत होते, ते आधी बंद केले. मग कपाट उघडलं आणि माझे डोळे पांढरे झाले. आत भिंतीवरची घड्याळं! डझनभर, कोरी करकरीत, खोक्यासकट. आणि कचेरीत वेळ विचारायची तर सगळे शिपायाकडे बघत होते. म्हणजे यांना पैसे कमी पडतात, ते हे असे! माझा तोल गेला. मी हेडक्लार्कना विचारलं, ही खरेदी कोणी मंजूर केली? खोलीत कोणी नसताना पंखे का? दारामागे नव्या खुर्च्या कशाला रचल्यात? मी एवढ्या हक्काने बोलत होतो की बिचारे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, वरून कोणी वेष पालटून तपासणीला आलंय. लगेच चहा आला. चहाही माझ्याच पैशातला, म्हणून मी अर्धाच घेतला. पण पुढे मजुरी सांगायची वेळ आली, तेव्हा माझ्यापुढे मोठा पेच पडला. जो आपल्याला पैसे देणं लागतो त्याच्यावर मुदतीआधी आणखी बोजा कसा टाकायचा? तो बुडाला तर आपणच बुडतो. मी मजुरी निम्मी सांगितली. मी नुसता किल्लीवाला आहे हे कळताच हेडक्लार्क पुन्हा खुर्चीत बसले, आरामात बसले, आणि म्हणाले, "तीन महिन्यांनी चौकशीला या." ज्या सरकारने माझे लाख डोळे मिटून घेतले, त्याला माझी निम्मी मजुरी द्यायला तीन महिने! मी पंखे परत चालू करून आलो.

असो. दिवस जात होते, मुदत संपत आली होती, आणि मी पुन्हा जेवू लागलो होतो. ठरल्या दिवशी सकाळपासून मोबाइल पुढ्यात ठेवून बसलो. दुपारी टिंग झालं. पैसे आले असणार! जीव भांड्यात पडला. आता वाचलं तर पैसे आलेले नव्हते. 'आपल्या सूचनेनुसार' पुन्हा तीन महिन्यांसाठी सरकारकडे गेले होते! माझी सूचना? मी कधी केली सूचना? मी तुझ्या लेकीला फोन लावला. तिने खातं उघडून पाहिलं. मग म्हणाली, मामा, मुदत संपल्यावर पैसे पुन्हा गुंतवायचे का, अशी एक चौकट होती, तिच्यावर तू खूण केलीयस. ताई, ती चौकट मला आठवते. एका कोपऱ्यात एकटीच रिकामी होती, उघड्या कडीसारखी, आणि मी ती लावली. चाळीस वर्षांच्या सवयीने लावली. हिचा दुसरा डोळा आत आणि बाहेरून कडी घालणारा मी!

ही बिलं मुदतीआधी मध्येच विकता येतात, असं तुझी लेक म्हणाली. ती दोन दिवस खटपट करतेय, पण एवढ्याशा पुडक्याला अजून गिऱ्हाईक नाही. ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. पुढे ढकला म्हणावं, तर ही रोज सकाळी एक डोळा झाकून खिडकीतून बघते आणि म्हणते, आता थोडेच दिवस. ते ऐकलं की मला तिथे उभं राहवत नाही, मी मोरीत जाऊन भांडी घासतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटते, ताई. दुसऱ्यांची कुलपं उघडली, आणि आपल्या माणसाचंच काम अडवून बसलो.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना खोकल्यावर गरम पाणी.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राला कारण एवढंच की मंगळवारच्या आत दुसऱ्या डोळ्याचे पैसे उसने पाठवता येतील का? तीन महिन्यांनी नक्की परत करीन. सरकारने मला दिले की त्याच दिवशी, वरच्या कमाईसकट. चौकटी तुझी लेक भरेल.

ता. क. दुसरा. हिला यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही. म्हणून तर अक्षर एवढं बारीक काढलंय. हिला आता जाड ठशाचंच तेवढं वाचता येतं.

ता. क. तिसरा. हिला संशय येऊ नये म्हणून पाकीट मुद्दाम हिच्याच हाती देतोय, चिकटवून पेटीत टाकायला. बघ, इतकी अक्कल अजून शाबूत आहे.

* * *

वन्सं, नमस्कार. जाड अक्षरात लिहितेय, भिंग ठेवून द्या. यांना वाटतं मला दिसत नाही. अहो, डावा डोळा झालाय ना माझा! त्याला मुंगीचे पायसुद्धा दिसतात. पाकीट चिकटवायच्या आधी सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

पैसे पाठवू नका. पहिल्या डोळ्याच्या आधीच मी माझे शिवणाचे पैसे तुमच्या लेकीकडून तिथेच लावले होते. यांना सांगितलं नव्हतं, सांगून उगाच यांची झोप उडाली असती. फॉर्म माझा मीच भरला, दिसेल तेवढा. ती कोपऱ्यातली चौकट म्हणतात, ती मला दिसलीच नाही. तेव्हा दोन्ही डोळ्यांपुढे धुकं होतं. त्यामुळे मुदत संपल्यावर पैसे गुपचूप घरी आले, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी ते मी दवाखान्यात भरूनही आले. तुमच्या लेकीलाही मीच गप्प बसवलंय, तिच्यावर रागावू नका.

फक्त एक करा. नाही असं कळवू नका, 'जमवतो आहोत' एवढंच कळवा. हे रोज भांडी घासतात, सकाळचा चहा हातात आणून देतात, काल तर माझ्या सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवले. मंगळवारपर्यंत चालू दे. पट्टी निघाली की मी सांगेनच. त्या वेळी यांचं तोंड कसं होतं, ते मला दोन्ही डोळ्यांनी बघायचंय.