लुचेर्तोलाची डावी बाजू

३ मार्च
म्युझियममधून फोन. २८ तारखेला ‘लुचेर्तोला’वर कार्यक्रम. एकच बनली ती गाडी, पन्नास वर्षांपूर्वी, इथेच तोरिनोत, फक्त मोटर शोसाठी. नावाप्रमाणे पालच, जमिनीला चिकटलेली. पुढे निम्म्या जगाने तिची खिडक्यांखालची कंबररेषा उचलली. ती रेषा माझी! शोनंतर एका शौकिनाने गाडी गॅरेजात कोंडली, आता म्युझियमला दिलीय. शेजारच्या पाटीवर डिझायनरचं नाव येणार. आलं एकदाचं. भाषण पाच मिनिटांत आटपायचं.

७ मार्च
भाषण चाळीस मिनिटांचं झालं. इलाज नाही, मुद्दा समजावायलाच हवा. आमच्या कारखान्यात प्लास्टरच्या मॉडेलची एक बाजू एकाने करायची, दुसरी दुसऱ्याने. साहेब एक निवडणार, मग गाडी दोन्हीकडून तशीच. उजवी माझा सहकारी घिगो याची, डावी माझी. निकालाच्या दिवशी मी तापाने घरी होतो. पण आदल्या दिवशी साहेब डावीसमोर बराच वेळ उभे होते. आणखी काय पुरावा पाहिजे?

बायको, लुइजेला, म्हणाली, भाषण नको, नुसते आभार मान. मत्सर असेल.

१२ मार्च
आजपासून चॉकलेट बंद. सूटची बटणं लागत नाहीत.

रस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या. सगळीकडे माझीच रेषा. फक्त माझी मागे उतरत जाते, यांची चढत जाते. पण मागून पुढे पाहिलं की उतरतेच. औषधवाल्याला सांगितलं, तुझी गाडी माझी नात आहे. त्याने ब्लडप्रेशर मोजलं.

चॉकलेट एकच खाल्लं. प्रेशर कमी निघालं होतं.

१९ मार्च
घिगोला फोन केला. बिचारा कुनेओजवळ हेझलनटची झाडं सांभाळतो. म्हटलं, भाषणात तुझंही नाव घेईन, वाईट वाटून घेऊ नकोस. “अरे बाबा, तुला बोलायचंय ना, बोल. मला झाडं छाटायचीत,” म्हणाला. हार मोठ्या मनाने पचवलीय.

२६ मार्च
तालीम. गाडीला हात लावला. रेषा चढत जाते.

म्युझियमच्या प्रमुख, दोत्तोरेसा (म्हणजे डॉक्टरबाई) वाल्लाउरींना सांगितलं, दुरुस्तीत कुणीतरी घोळ घातलाय. त्या हळूच म्हणाल्या, या गाडीला आजवर कुणी हातोडीसुद्धा लावलेली नाही. मी मागे जाऊन पुढे पाहिलं. मग घरी आलो. कंटाळा आलाय. सूट नको, स्वेटरच घालीन.

२८ मार्च, शनिवार
हॉल भरलेला. घिगोही आला होता, बुटांना माती. दोत्तोरेसांनी विचारलं, ही रेषा कुणाची? मी भाषणाचे कागद उलटत राहिलो. घिगो खालून म्हणाला, “त्याचीच. मी तिथे होतो.” टाळ्या. पाटीवर माझं नाव जाणार.

बाहेर त्याला गाठलं. माझ्या बाजूचं काय झालं होतं, ते विचारलं.

“साहेबांनी फोडायला सांगितली. मीच फोडली. तू तापाने फणफणलेला, सांगवेना. मग राहूनच गेलं.”

लुइजेलाने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. म्हणजे हिलाही माहीत होतं. इतकी वर्षं दोघांनी मला लहान मुलासारखं सांभाळलं. फार लाज वाटली.

पाटीवर घिगोचं नाव घालायला सांगितलंच पाहिजे. उद्या रविवार. सोमवारी म्युझियम बंद असतं. मंगळवारी बघू.