उसाकडची बाजू

राजुरी, २ नोव्हेंबर २०२५

ती. सुदर्शनदादा यास,

हर्षालीचा नमस्कार. वि. वि. फोनवर आई शेजारी कान देऊन बसते, म्हणून हे लिहून फोटो पाठवतेय. घरी सगळे बरे आहेत.

शाळेच्या मुलींचा फुटबॉल संघ मंचरच्या स्पर्धेत उतरवायचा म्हणतेय. पण पोरी अकराच्या अकरा एका घोळक्यात पळतात. मोकळी जागा दिसली तरी एकटी कुणी तिकडं जात नाही. जाईल कशी? शाळेला येताना, गवताला जाताना, एकटी राहू नको हेच आपण त्यांना शिकवलंय. मैदानाच्या एका अंगाला ऊस आहे आणि त्यात बिबट्या आहे, हे गावाला ठाऊक आहे. बारकी संस्कृती तर पळता पळता मागं वळून बघते. चेंडू मिळाला की सगळ्या तो वयानं मोठ्या तेजस्विनीलाच देतात, तिला चौघींनी घेरलं असलं तरी. स्वतःसाठी कुणीच मागत नाही.

तू तिथं हॉलंडात रविवारचे सामने बघतोस. ती माणसं कशी खेळतात? फुशारकी न मारता लिही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
हर्षाली

९ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षालीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल. टोमॅटोच्या काचघरातलं काम लई वाढलंय.

इथली पोरं आईबापाला तोंडावर सांगतात की तुमचं चुकलं. कामावर नवा लागलेला पोरगाही साहेबाला तसंच सांगतो, आणि साहेब रागवत नाही. मैदानावरही तेच. एवढीशी पोरगी हात वर करून चेंडू मागते, नाही मिळाला तर ओरडते. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि शेजारीण तिच्या जागेवर असणार याची खात्री. माझ्यासोबतचा ब्राझीलचा गडी याला हसतो. त्यांच्याकडं चिंचोळ्या गल्लीत खेळून पोरं मोठी होतात. चार जणांना चकवलं नाही तर बघणाऱ्याला मजा येत नाही म्हणतो. मला वाटतं, माणसं घरात जशी वागतात तशीच मैदानात पळतात.

तुझ्या पोरींना आधी मागायला शिकव. मग पांगव. पण उजेड असतानाच घरी सोडत जा. त्या उसाचं वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय.

आईला जप.

तुझा,
दादा

राजुरी, २८ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. आधीच सांगते, कुणाला इजा झालेली नाही.

तू लिहिलंस तसं शिकवलं. संस्कृती पहिल्यांदा 'मला' म्हणाली तेव्हा आवाज ओठांतच राहिला, बाकीच्या हसल्या. मग जमलं. ती सगळ्यात चपळ, म्हणून मी तिला उसाकडच्या बाजूला उभी केली.

काल ऊन असतानाच ती रेषेवर एकटी, हात वर करून चेंडू मागत होती. जवळच शाळेतलं कुत्रं पडलं होतं. वारा नसताना ऊस हलला आणि बिबट्या बाहेर येऊन तिच्यासमोर दबून बसला. तिनं वर केलेला हात खाली घेतला नाही. चेंडूसाठी ओरडायची तशीच ओरडली, पण थांबलीच नाही. आणि दादा, बाकीच्या पोरी पळून गेल्या नाहीत. ओरडत तिच्याकडंच धावल्या. बिबट्यानं कुत्रं उचललं आणि आत गेला. मी सगळ्यांच्या मागून पोचले.

सराव बंद झालाय. वनखात्यानं पिंजरा लावलाय. तिला तिथं मी उभं केलं होतं, एवढंच डोक्यात फिरतं. आता घरात काही पडलं तरी दचकते.

हर्षाली

२९ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षालीस,

संघ मोडून टाक. मी इथं काचेच्या घरात बसून तुला पांगव म्हणून सांगितलं. इथल्या शेतातून फार तर ससा निघतो. तू स्वतःही त्या मैदानाकडं फिरकू नकोस. आईला काही बोललो नाही. ताबडतोब दोन ओळी लिही.

दादा

राजुरी, १४ डिसेंबर २०२५

ती. दादा यास,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं ऐकून संघ मोडलाच होता. गेल्या आठवड्यात संस्कृतीचे आजोबा हौशीराम शाळेत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला गवत कापताना बिबट्यानं ओढून नेलं. शेजारच्याच वावरात माणसं होती. टोपी हातात घेऊन म्हणाले, "आमची म्हातारी वरडलीच न्हाई, बाई. आवाज काढायची तिला सवयच नव्हती. पोरगी वरडली. तिला खेळू द्या."

मला नाही म्हणता आलं नाही.

आता भर दुपारी खेळतो. चार बाप काठ्या घेऊन उसाच्या कडेनं उभे राहतात. पिंजरा अजून रिकामाच आहे आणि ऊसतोडीची पाळी यायची आहे. पोरी पांगतात, मागतात. पण एकीनं जोरात हाक दिली की सगळ्या जागा सोडून तिच्याकडं धावतात. हॉलंडात चालणार नाही, पण ही सवय मी मोडणार नाही.

संस्कृतीनं तीच बाजू मागितली. मी दिली. काल नारायणगावच्या मुली सामना खेळायला आल्या होत्या. जल्लोष झाला तेव्हा मला कळलं की गोल झाला. संस्कृतीनं केला म्हणे, एकटीनं पुढं जाऊन. मी पाहिला नाही. मैदानाकडं पाठ करून मी उसाकडं बघत होते.

काळजी तर करशीलच. कर, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
हर्षाली