चकचकीत कढई

प्रिय दादा,

रानातल्या वार्षिक मुक्कामाचे तंबू आवरताना तू पुन्हा सगळ्यांना हसवलंस. "हिच्या हाताला कसली चव! चव माझ्या बिडाच्या कढईला आहे."

बावीस वर्षं चुलीपुढे मी बसते आणि मान कढईला? मी ओढ्यावर जाऊन वाळूने ती खरवडली. माझ्याच स्वयंपाकाने चढलेला, काही चिकटू न देणारा काळा थर माझा होता. मी तो परत घेतला.

निरोप घेताना तू म्हणालास, "वा, चकचकीत केलीस की!" मी हात हलवला.

आता ती तुझ्या माळ्यावर गंजेल. पुढच्या वर्षी त्याच कढईत रांधणार तू, चवीची वाट बघत बसणार मी.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर आजच तिला तेल लावशील.

तुझी,
बेचव हातांची धाकटी