आभाळावरचा अंगठा

ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा बरा असेल. नसला तरी पत्र पूर्ण वाच; बसूनच वाचायचं आहे. इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझी भावजय परवापासून माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. भांडणाचं कारण एक बदक. भंगारवाल्याकडून मी जुन्या, मुक्या कार्टूनचं एक रीळ आणलं होतं. (आणखी एक. आधीच्यांची मोजदाद ती ठेवते.) जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. बिचारीने काहीतरी नासलं म्हणून सगळं स्वयंपाकघर घासून काढलं, आणि वास निघाला माझ्या कपाटातून. त्यानंतर ती फक्त बाबांशी बोलायची, आणि आई गेल्यापासून बाबा तर कुणाशीच बोलत नव्हते. घर कसं झालं असेल, बघ.

शेवटी रीळ विकायचं ठरलं. अशी रिळं जमवणारे एक गृहस्थ बघायला आले (दातांचे डॉक्टर, त्यामुळे तोंड उघडायलाच धास्ती वाटत होती). भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला. बदक छत्री उघडतं आणि छत्रीच त्याला उडवून नेते, एवढीच गोष्ट. पण ताई, त्याची चाल! मान आधी निघते, पोट विचार करून मागून येतं. कुणीतरी एकेक पाऊल हाताने काढलंय. त्याचं नाव कुठे उरलं नाही, चाल मात्र उरली. मध्येच आभाळावर काहीतरी काळपट चमकून गेलं. डॉक्टर म्हणाले, डाग आहे, किंमत कमी होणार.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "डाग नाही तो. चित्र काढणाऱ्याचा अंगठा लागलाय. परत लाव."

मी परत लावलं. बाबा हसले, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. तुझी भावजय ओल्या हातांनी दारात उभी होती. डॉक्टरांनी पाकीट काढलं तशी म्हणाली, "ते विकायचं नाहीये." डॉक्टर चहा घेऊन गेले. (जाता जाता माझी एक दाढ नापास करून गेले.)

बाकी खुशाल. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. रिळं थंडाव्यात टिकतात. तुझा जुना छोटा फ्रीज पडूनच आहे ना? हिला न कळू देता पाठवता आला तर बघ.

ता. क. वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून लिहिते. फ्रीज पाठवू नका. भाज्या बाहेर काढून रिळं मी आमच्याच फ्रीजमध्ये ठेवलीत. ह्यांना अजून पत्ता नाही. मामंजी आता जेवताना बोलतात. काल म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. तुम्ही लवकर या.