लाल स्वेटर आणि पाच मूल्यं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. नेतृत्व करणाऱ्या माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून. मोठ्या साहेबांनी आपल्या लॉन्ड्रीची पाच मूल्यं ठरवायचं काम मला दिलंय. शुक्रवारी पोस्टर लागलं पाहिजे. पहिलं मूल्य अंघोळ करतानाच सुचलं: प्रामाणिकपणा. बाकीची चार सुचतीलच.

दुपारी ४.
किरकोळ प्रकार घडला. घरचं वॉशिंग मशीन महिनाभर बंद आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलंय असं बायकोला सांगितलंय. (बोलवायचंय.) तोवर घरचे चार कपडे मी इथल्या मशीनमध्ये सरकवतो. नियमात बसत नाही, पण मॅनेजरकडे थोडी लवचिकता हवी. आज धुलाई मशीन सांभाळणारे आमचे ड्रमकाका पाणी प्यायला गेले, तेवढ्यात माझा लाल स्वेटर हॉस्पिटलच्या कपड्यांत टाकला. डॉक्टरांचे एकशे चाळीस पांढरे कोट गुलाबी झाले. अगदीच गुलाबी नाही. फिकट.

मंगळवार, ५ मार्च.
हॉस्पिटलचा फोन. सर्जन त्या कोटात राउंडला जायला तयार नाहीत. चौकशी करतो म्हणालो. कोणाची, ते ठरवलेलं नाही.

डबे खायच्या खोलीत एक फळा आहे. काकांनीच पंधरा वर्षांपूर्वी लावलेला. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, खाली नाव टाकायचं. एकदा लिहिलं की विषय संपला. कोणी टोमणा मारायचा नाही, वर कळवायचं तर मॅनेजरने. आज जेवायला गेलो तर काकांच्या अक्षरात: १४० कोट खराब, भरताना ड्रम नीट तपासला नाही. खाली त्यांचं नाव. त्याखाली एक ओळ मोकळी.

डबा तसाच झाकला. ठरवलं, उद्या ठीक नऊला फळ्यावर लिहायचं.

बुधवार, ६ मार्च.
नऊला खडू नव्हता. सव्वानऊला होता, पण इस्त्रीवाल्या ताईही होत्या. दहाला मीटिंग.
मूल्य दोन: पारदर्शकता.

गुरुवार, ७ मार्च.
मोठ्या साहेबांचा फोन. फ्लोअर सुपरवायझरसाठी एक नाव उद्या पाचच्या आत पाठवायचं. अट एकच, या महिन्यात त्या माणसाकडून मोठी चूक झालेली नको. ती जागा काकांची, हे इथल्या भिंतींनाही ठाऊक आहे. बावीस वर्षं ड्रमसमोर उभे आहेत. गुडघे गेलेत. सुपरवायझरला खुर्ची असते.

म्हणजे मी खरं सांगितलं तर काकांना खुर्ची. नाही सांगितलं तर... हे वाक्य नंतर पूर्ण करतो.

घरी बायकोने विचारलं, लाल स्वेटर कुठाय. दोन महिने खपून विणलाय तिने. ऑफिसात राहिला म्हणालो. तसं ते खरंच आहे. पण जेवताना तिच्याकडे बघवलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ११.
पोस्टर आलं. देखणं आहे. लावण्याजोगी जागा एकच, फळ्याची. शिवाय फळ्यावर नुसत्या चुकाच, त्याने वातावरण निगेटिव्ह होतं. काढायला लावला. ताईंनी तेवढं विचारलं, आता लिहायचं कुठे. म्हटलं, केबिनमध्ये येऊन सांगा, दार कायम उघडं आहे. मग दार लावून घेतलं. एसीमुळे.

दुपारी ४.३०.
साहेबांना मेल. 'कोट माझ्यामुळे' इथपर्यंत लिहिलं. मग वाटलं, असं प्रत्यक्ष भेटून सांगावं. खोडलं.

५.०५.
पॅकिंगवाल्याचं नाव पाठवलं. माणूस चांगला आहे. मी नाही.

सोमवार, ११ मार्च.
काका केबिनमध्ये आले. टेबलावर एक पुडकं ठेवलं. माझा स्वेटर. इस्त्री केलेला, लॉन्ड्रीचा टॅग लावलेला, टॅगवर माझं नाव. आटून तीन वर्षांच्या पोराला येईल एवढा झालाय.

त्यांना तो पहिल्याच दिवशी ड्रममध्ये सापडला होता. मग फळ्यावर स्वतःचं नाव का टाकलंत, असं विचारलं. म्हणाले, ड्रम तपासायचं काम माझं, ते चुकलं, ते मी लिहिलं. तुमचं तुम्ही लिहाल म्हणून खालची ओळ सोडली होती. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

मंगळवार, १२ मार्च.
फळा अडगळीत शोधला. नव्हता. ड्रायरच्या खोलीत टांगलेला सापडला, म्हणे शुक्रवारपासून तिथेच आहे. तीन नव्या चुका आल्या होत्या. काकांच्या खालची ओळ तेवढी अजून मोकळी. लिहिलं: स्वेटर माझा होता, मीच टाकला. नाव टाकलं. मागून ताई म्हणाल्या, साहेब, मोठ्या अक्षरात लिहा, लांबून दिसत नाही. पुसून पुन्हा लिहिलं.

मग साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, कोटांचं, स्वेटरचं, नावाचंही. ते म्हणाले, सुपरवायझरची यादी कालच मंजूर झाली, काकांचं आता पुढच्या वर्षी बघू. पोस्टर मात्र छान झालंय म्हणाले.

केबिनमधली माझी खुर्ची उचलली आणि ड्रमजवळ नेऊन ठेवली. काकांनी मान हलवली. दुपारी जाऊन पाहिलं. काका उभेच होते. खुर्चीवर धुवायच्या कोटांचा ढीग होता.